पाणीवाल्या बाईंचे राजकारण

एखाद्या राजकीय पुढाऱ्याचे चरित्र सांगावयाचे म्हणजे लेखक बहुधा निवडणुकीपासून आरंभ करतात. अमुक साली अमुक मतदारसंघातून निवडून आले, तमुक साली मंत्री झाले, पुढे पक्ष फुटला, इत्यादी. श्रीमती मृणाल गोरे यांच्याविषयी लिहिताना मात्र मला नळापासून आरंभ करावा लागतो आहे. महाराष्ट्राच्या राजकारणात पन्नास वर्षांहून अधिक काळ वावरलेल्या या बाई राज्यात कधीही मंत्री झाल्या नाहीत, आणि केंद्रात मंत्रिपद चालून आले असता त्यांनी ते घेतले नाही. तरीदेखील मुंबईच्या उपनगरांतील एका पिढीच्या बायकांना मंत्र्यांची नावे आठवत नसली, तरी ‘पाणीवाली बाई’ म्हटले की कोण, ते सांगावे लागत नाही. हे कसे घडले, याचा विचार आपण मंडळातल्या बायकांनी अवश्य करावा. कारण मृणालताईंच्या राजकारणाचे मूळ एका महिला मंडळातच आहे.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ रोजी झाला. माहेरचे आडनाव मोहिले. घर सुशिक्षित, मुलगी बुद्धीने तल्लख, आणि त्या काळात मुलींच्या वाट्याला क्वचितच येणारे वैद्यकीय शिक्षण त्यांच्या वाट्याला आलेले. आणखी काही वर्षे गेली असती, तर त्या डॉक्टरीणबाई होऊन सुखाने दवाखाना चालवत्या. परंतु तो काळ निराळा होता. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली होती, १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाने तरुण मुलामुलींची मने ढवळून निघाली होती, आणि साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्यासारख्यांचे शब्द घरोघर पोहोचत होते. मृणालताई सेवा दलात आल्या आणि त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. एवढी मोठी संधी मुलीने सोडावी, हे आजही कोणत्या आईला रुचेल? त्या वेळीही रुचले नसणारच. पण देशाचे काम पूर्ण वेळ करावयाचे, असा त्यांचा निश्चय झाला होता.

सेवा दलातच त्यांची ओळख केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी झाली. केशवरावही १९४२ च्या पिढीतले समाजवादी कार्यकर्ते. १९४८ साली दोघांचा विवाह झाला. जात वेगळी, त्यातून नवरा मिळवता नव्हे तर चळवळीतला, तेव्हा हा संसार रूढ अर्थाने सुखाचा होणे शक्यच नव्हते. परंतु दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केले, आणि तेथून पुढे गोरेगाव व गोरे हे समीकरण कायमचे जमून गेले.

आजच्या वाचकांना त्या वेळचे गोरेगाव डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. ते तेव्हा मुंबईत नव्हते. शहराची हद्द १९५० साली वाढली ती जोगेश्वरीपर्यंत येऊन थांबली. १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत नेण्यात आली, तेव्हा कुठे गोरेगाव महानगरपालिकेच्या कारभाराखाली आले. गिरणगावात जागा मिळेना म्हणून आलेले कामगार, कारकून, शिक्षक, फाळणीनंतर आलेले निर्वासित, कोकणातून व देशावरून पोट भरण्यासाठी आलेली माणसे, अशी सर्व तऱ्हेची वस्ती येथे वाढत होती. चाळी उठत होत्या, झोपड्या पडत होत्या. रस्ते, गटारे, दिवे आणि पाणी मात्र त्या वेगाने येत नव्हते.

अशा वस्तीत मृणालताईंनी काम सुरू केले ते गोरेगाव महिला मंडळातून. हळदीकुंकू, शिवणाचे वर्ग, मुलांसाठी बालवाडी हे जे कार्यक्रम आपणही करतो, त्यांच्याच आधाराने त्या घरोघर पोहोचल्या. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बायकांच्या पाठोपाठच्या बाळंतपणांचे हाल त्यांनी पाहिले आणि मंडळामार्फत कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले. १९५० नंतरच्या त्या वर्षांत हा विषय चारचौघींत उच्चारणेही संकोचाचे होते. सासूसमोर सून या गोष्टी बोलू शकत नसे आणि नवऱ्यासमोर बोलण्याची सोय नव्हती. अशा वेळी एका तरुण, सुशिक्षित स्त्रीने चाळीतल्या बायकांत बसून हे बोलावे, याला धैर्य लागते. वैद्यकीचे जे शिक्षण अर्धवट राहिले असे लोक म्हणत, ते येथे कामाला आले असे मला वाटते. शिवाय या कामाने त्यांना दुसरीही एक गोष्ट दिली. प्रत्येक घराची आतली बाजू त्यांना माहीत झाली. पुढे सभेत उभे राहून त्या आकडे सांगत, तेव्हा त्या आकड्यांमागे कोणकोणत्या घरांतले कोणकोणते चेहरे आहेत हे त्यांना ठाऊक असे.

याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गोरे पतिपत्नी त्यात होतेच. परंतु १९५८ साली केशवरावांचे निधन झाले. मृणालताई तेव्हा अवघ्या तिशीच्या, पदरी लहान मुलगी. नवरा गेल्यावर बाईने काय करावयाचे, याविषयी आपल्या समाजाची मते ठाम असतात. माहेरी जावे, नोकरी धरावी, मुलीला वाढवावे आणि बाहेरची उठाठेव बंद करावी. मृणालताईंनी मुलीला वाढवले आणि बाहेरची उठाठेव दुप्पट केली. केशवरावांच्या स्मरणार्थ गोरेगावात केशव गोरे स्मारक उभे राहिले, ते नुसता पुतळा किंवा तसबीर म्हणून नव्हे, तर सभा, शिबिरे, ग्रंथालय आणि सामाजिक कामे यांची वास्तू म्हणून. दुःखाला काम देणे हा एक उपाय असतो, आणि तो मृणालताईंनी केला.

१९६१ साली त्या प्रजा समाजवादी पक्षातर्फे मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. येथून पाण्याचा इतिहास सुरू होतो.

मुंबईच्या पाण्याची गोष्ट मोठी विलक्षण आहे. शहराला नळाने पाणी आले ते १८६० साली विहार तलावातून. त्यानंतर तुळशी, तानसा, वैतरणा असे एकेक जलाशय जोडले गेले. यांपैकी विहार तलाव गोरेगावच्या पूर्वेला, आरे दूध वसाहतीच्या पलीकडच्या डोंगरात आहे. म्हणजे ज्या तलावाने शंभर वर्षे दक्षिण मुंबईची तहान भागवली, त्याच्या जवळच राहणाऱ्या गोरेगावकरांच्या हंड्यांत मात्र खडखडाट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. १९६१ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती, ती दहा वर्षांत ६० लाखांच्या घरात गेली. वाढ झाली ती मुख्यतः उपनगरांत. पाण्याच्या योजना मात्र जुन्या शहराचा विचार करून आखलेल्या. नळ होता तेथे पाण्याला जोर नव्हता, आणि कित्येक झोपडपट्ट्यांत नळच नव्हता. कारण जी वस्ती कागदोपत्री अनधिकृत, तिला पाणी द्यावयाचे म्हणजे तिला मान्यता दिल्यासारखे होईल, असे कारण पुढे केले जाई.

याचा भार कोणावर पडला, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसे. तो बायकांवर पडला. पहाटे तीनला उठून नळावर रांग लावावयाची, हंडा पुढे सरकवावयाचा, दोन कळश्यांसाठी शेजारणीशी भांडावयाचे, आणि मग स्वयंपाक, डबा व कामाला जाणे. शाळेतून मुलगी काढली जाई ती पाण्यासाठी. महानगरपालिकेच्या लेखी हा अभियंत्यांचा प्रश्न होता, पक्षांच्या लेखी तो किरकोळ प्रश्न होता. मृणालताईंनी प्रथमच तो राजकारणाचा मुख्य प्रश्न केला. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. वस्ती अधिकृत असो वा नसो, तेथे माणसे राहतात आणि माणसाला पाणी लागते.

त्यांच्या कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. नुसता मोर्चा काढून त्या थांबत नसत आणि नुसता अर्ज करूनही थांबत नसत. आधी वस्तीत जाऊन माहिती गोळा करावयाची. किती घरे, किती नळ, पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते. मग अर्ज. अर्जाला उत्तर आले नाही, म्हणजे रिकामे हंडे घेऊन बायकांचा मोर्चा. अधिकारी भेटले की हातातला कागद पुढे. आश्वासन मिळाले की ते लिहून घ्यावयाचे, आणि सभागृहात त्याच विषयावर प्रश्न विचारावयाचा. बाहेर मोर्चा आणि आत प्रश्न, अशी ही दुहेरी पकड असे. हळूहळू वस्त्यांत नळ येऊ लागले, आणि लोकांनी त्यांना एक पदवी दिली. विद्यापीठाची पदवी त्यांनी अर्धवट सोडली होती. ‘पाणीवाली बाई’ ही लोकांची पदवी मात्र अखेरपर्यंत टिकली.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. धान्य, तेल, साखर, रॉकेल, एकेक जिन्नस बाजारातून नाहीसा होऊ लागला आणि काळ्या बाजारात दिसू लागला. रेशनच्या दुकानापुढच्या रांगा लांबल्या. यातून १९७२ मध्येच महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. या समितीचे वैशिष्ट्य तिच्या नावातील ‘संयुक्त’ या शब्दात आहे. मृणालताई व कमल देसाई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. ज्या पक्षांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर बसावयास राजी नसत, त्या पक्षांच्या बायका एकत्र बसून मोर्चे आखू लागल्या. कारण रॉकेलच्या रिकाम्या डब्याला पक्ष नसतो.

आणि मग लाटणे बाहेर पडले. झेंडे आणि फलक यांऐवजी हातात लाटणी व थाळ्या घेतलेल्या हजारो बायका मुंबईच्या रस्त्यावर आल्या. त्यांत पांढरपेशा घरांतल्या होत्या, गिरणीकामगारांच्या घरांतल्या होत्या आणि झोपडपट्टीतल्याही होत्या. ज्यांनी पूर्वी कधी नवऱ्याला विचारल्याशिवाय लोकलने प्रवास केला नव्हता, अशाही होत्या. मंत्र्यांना घेराव पडू लागले. सचिवालयावर (मंत्रालयाला तेव्हा सचिवालय म्हणत) मोर्चे जाऊ लागले. ज्यांना मोर्चाला जाणे शक्य नसे, त्यांनी ठरलेल्या वेळी आपापल्या घरातून थाळ्या वाजवावयाच्या, असाही कार्यक्रम असे. मी त्या वेळी शाळेत होते. आमच्या चाळीत ठरलेली वेळ झाली की तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत गॅलरीत बायका उभ्या राहत आणि थाळीनाद सुरू होई. माझी आजी सोवळ्यातली. ती बाहेर येत नसे, पण स्वयंपाकघरात बसून पळीने तपेली वाजवीत असे. त्या आवाजाने महागाई किती कमी झाली ते मला सांगता येणार नाही. एवढे मात्र सांगता येते, की आपण ओरडलो तर कोणीतरी ऐकते, ही गोष्ट आमच्या चाळीतल्या बायकांना त्या वर्षी प्रथम कळली.

या आंदोलनाचे महत्त्व पुढे इतिहासकारांनीही मान्य केले. १९७४ साली गुजरातेत जे नवनिर्माण आंदोलन झाले, त्यातही महागाई हाच ठिणगीचा विषय होता. स्वयंपाकघरातला प्रश्न सरकारे हलवू शकतो, हे दोन्ही राज्यांत दिसून आले.

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. मोर्चे, सभा, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य, सर्वच बंद झाले. विरोधी पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. मृणालताई भूमिगत झाल्या आणि काही महिने वेगवेगळ्या घरांत आसरा घेत काम करीत राहिल्या. वर्ष सरता सरता, डिसेंबरात, त्या पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना एकटे ठेवण्यात आले. शेजारच्या कोठड्यांत कुष्ठरोगाने आजारी असलेली एक स्त्री आणि मनाचा तोल गेलेली दुसरी एक स्त्री होती. राजकीय कैदी म्हणून मिळावयाची वागणूक दूरच राहिली. या गोष्टी वाचताना माझ्या मनात येते, की आमदार असलेल्या बाईची ही स्थिती, तर ज्यांचे नाव कोणालाच माहीत नाही त्या शेजारच्या दोघी आजारी बायकांना तुरुंगात का ठेवले होते? त्यांना दवाखान्याची गरज होती, कोठडीची नव्हे. इतिहासात त्यांची नावे नाहीत.

मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या. मृणालताई जनता पक्षातर्फे उत्तर मुंबई मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. इकडे रायबरेलीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा पराभव झाला. मुंबईच्या लोकांनी लगेच घोषणा केली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ या घोषणेने लोक खूप हसले. पण तिच्यात एक गंभीर गोष्टही होती. नळावरच्या भांडणातून उभी राहिलेली बाई देशाच्या लोकसभेत जाऊन बसली होती, आणि तेही राखीव जागा नसताना, घराण्याचे नाव नसताना, पैसा नसताना. त्याच निवडणुकीत लाटणे मोर्चातल्या त्यांच्या सहकारी अहिल्याताई रांगणेकरही मुंबईतूनच लोकसभेवर गेल्या.

मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्यांना आरोग्य खाते देऊ करण्यात आले होते. त्यांनी ते स्वीकारले नाही. या नकाराबद्दल दोन मते असू शकतात, आणि ती दोन्ही मी ऐकली आहेत. एक मत असे, की सत्तेचा मोह नाही हे केवढे मोठेपण! दुसरे मत असे, की कुटुंबनियोजनाचे काम तळापासून केलेली, वैद्यकीचे शिक्षण घेतलेली बाई आरोग्यमंत्री झाली असती, तर देशातील बायकांचे किती भले झाले असते! आपण बायका जबाबदारी नाकारण्याला फार लवकर त्याग म्हणतो, असेही हे दुसऱ्या मताचे लोक म्हणतात. मला स्वतःला या दुसऱ्या मतात तथ्य वाटते. परंतु पुढचा इतिहास पाहिला, तर मृणालताईंचा पिंड कोणता होता तेही कळते. १९७९ साली ते सरकार कोसळले. मंत्रिपद गेले की माणूस रिकामा होतो. मृणालताईंपाशी परत यावयाला गोरेगाव होते.

आता प्रश्न होता डोक्यावरच्या छपराचा. १९७६ साली नागरी जमीनधारणेवर मर्यादा घालणारा कायदा झाला होता. मर्यादेबाहेरची मोकळी जमीन सरकारने घ्यावी आणि तिचा उपयोग गरिबांच्या व मध्यमवर्गाच्या घरांसाठी व्हावा, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात कायद्यातील सवलतींच्या वाटांनी बहुतेक जमीन मालकांकडेच राहत होती. मृणालताई, बाबूराव सामंत, प. बा. सामंत आदी मंडळींनी नागरी निवारा परिषद स्थापन केली आणि या कायद्याचा हेतू सरकारला अमलात आणावयास लावण्याचा चंग बांधला. मोर्चे झाले, वाटाघाटी झाल्या, न्यायालयाच्या पायऱ्याही झिजवाव्या लागल्या. अखेर गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सुमारे ६२ एकर जमीन मिळाली आणि तेथे सहा हजारांवर कुटुंबांची वसाहत उभी राहिली. ज्यांना मुंबईत स्वतःचे घर घेणे स्वप्नातही शक्य नव्हते, अशा कारकून, कामगार, शिक्षक यांची ही घरे. पुढे २००७ साली महाराष्ट्राने तो जमीनधारणा कायदाच रद्द केला. तेव्हा ही वसाहत म्हणजे त्या कायद्याचा हेतू काही प्रमाणात तरी खरा ठरल्याची एक मोजकी खूण आहे.

याच दशकात त्यांनी संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी गोरेगावात ‘स्वाधार’ ही संस्था उभी केली. हुंड्यासाठी होणारा छळ, मारहाण, टाकून देणे, या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांचे तेथे ऐकून घेतले जाई, आणि पोलीस, वकील, सासर, माहेर या सर्वांशी बोलणी केली जात. पूर्वी ज्या बायका पाण्यासाठी आल्या होत्या, त्यांच्याच मुली आता या दारात येत होत्या.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भाचे लिंग तपासून मुलगी असल्यास गर्भपात करविण्याचा व्यवसाय त्या वेळी मुंबईत राजरोस चालू होता. विज्ञानाने आईच्या व बाळाच्या आरोग्यासाठी शोधलेली तपासणी मुलींचा जीव घेण्यासाठी वापरली जात होती. १९८६ पासून मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी याविरुद्ध चळवळ उभारली, आणि या चळवळीचा आवाज विधानसभेत पोहोचवणाऱ्यांत मृणालताई अग्रभागी होत्या. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा केला. देशातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. संपूर्ण देशासाठी असा कायदा होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. १९८८-८९ या काळात मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. पुढे वय झाले, पक्ष फुटत गेले, समाजवाद्यांची ताकद ओसरली. तरी दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनापर्यंत त्या रस्त्यावर दिसतच राहिल्या. १७ जुलै २०१२ रोजी वसई येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला आता त्यांचे नाव आहे.

हा सर्व इतिहास मंडळाच्या स्मरणिकेत का सांगावा, असे कोणी विचारील. आपल्याकडील बहुतेक महिला मंडळांच्या घटनेत, किंवा घटनेत नसले तरी रिवाजात, एक कलम असते. मंडळ राजकारणापासून अलिप्त राहील. हे कलम चांगल्या हेतूने घातलेले आहे. पक्षापक्षांच्या भांडणाने मंडळे मोडली आहेत, शेजारधर्म तुटला आहे, हे आपण पाहिले आहे. परंतु या कलमाआड आपण पुष्कळदा आपल्याच प्रश्नांपासून अलिप्त राहतो. पाण्याला दाब नाही, कचरा उचलला जात नाही, पदपथावरून चालता येत नाही, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे बंद असतात, सार्वजनिक स्वच्छतागृह नाही. हे सर्व आपण हळदीकुंकवाला एकमेकींना सांगतो आणि घरी येतो. मृणालताईही हळदीकुंकवाला जात. फरक एवढाच, की तेथे ऐकलेले त्या दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेत नेत.

त्यांच्या काळी बायकांना राखीव जागा नव्हत्या. १९९३ साली झालेल्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. दार उघडले आहे. पण त्या दारातून आत कोण जाते? कित्येक ठिकाणी उमेदवार बाई असते, भाषण नवरा करतो, सही बाईची असते, निर्णय दिराचा असतो. याचा दोष त्या बाईला देणे मला योग्य वाटत नाही. तिच्यामागे नवरा व दीर उभे आहेत, कारण बायका उभ्या नाहीत. मृणालताईंच्या मागे गोरेगावच्या शेकडो बायका होत्या. ज्यांच्याबरोबर त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीच त्यांना निवडून दिले, आणि चुकल्यास त्यांना दारात येऊन जाब विचारण्याचा अधिकारही त्यांनाच होता. कार्यकर्ती घडते ती अशा जाब विचारणाऱ्या शेजारणींमुळे. नुसत्या आरक्षणाने ती घडत नाही.

म्हणून माझी सर्व सभासद भगिनींना एक सूचना आहे. मंडळाने कोणत्याही पक्षाचा झेंडा घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. परंतु महिन्यातून एक सभा केवळ आपल्या प्रभागाच्या प्रश्नांसाठी ठेवावी. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येते, किती मिनिटे टिकते, हे एका वहीत लिहून ठेवावे. अर्जाची प्रत आणि उत्तराची तारीख त्याच वहीत असावी. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, बाई असो वा पुरुष, त्याला वर्षातून दोन वेळा मंडळात बोलावून ती वही त्याच्यापुढे ठेवावी. या कामास पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि ती आपणा बायकांजवळ नाही असे कोण म्हणेल? ही वही मी आणून देते. पहिल्या पानावर तारीख घालून माझ्या गल्लीची नोंद करण्याचे कामही मी माझ्याकडे घेते. बाकीच्या गल्ल्यांच्या नोंदी तुम्ही कराव्यात.

— एक सभासद